मांडव वर नको, मातीलगत तपासा

खरड छाटणी, म्हणजे द्राक्षाची एप्रिलमधली छाटणी, आटोपली की बाग आठ-दहा दिवस उघडीबोडकी असते. एकदा पाला मांडवावर चढला की अँगलला, म्हणजे मांडव पेलणाऱ्या लोखंडी खांबांना, धड हात पोचत नाही, आणि पाऊस लागल्यावर रंगाचं नावच नको. द्राक्ष बागायतदारांनी लोखंडाचा गंज बघायचे दिवस हेच.

बघायची ती मातीलगतची वीतभर जागा. आमच्या मांडवाची एक ओळ ऐन फेब्रुवारीत, घड भरलेले असताना खाली बसली. वरचा अँगल ठणठणीत, रंगही शाबूत. खाली माती उकरली तर नखाने पापुद्रे निघत होते. ड्रिपर नेमका बुडाशी टिपकत होता. ओल कायमची आणि त्यात खतांचे क्षार. तेव्हा नळी आधी हातभर सरकवा. मग प्रत्येक बुडाची माती वीतभर उकरून हातोडी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तिथे नवा तुकडा जोडावा लागेल.

बाकीच्यांना तारेच्या ब्रशने पापुद्रे जाईपर्यंत घासा. क्षार धुऊन काढा, पूर्ण वाळू द्या आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक पहिला हात) मारा. रात्रभर उघडं ठेवलं तर घासलेलं वाया. त्यावर मातीच्या वर-खाली वीतभर डांबरी रंगाचे दोन हात. बुडाला काँक्रीट असेल तर ते जमिनीच्या वर, बाहेरच्या बाजूला उताराचं हवं. खोलगट राहिलं की अँगलभोवती पाण्याची वाटीच तयार होते.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या, पाइपाला मात्र साधा ऑइलपेंट थेट मारू नका, वर्षभरात सालीसारखा सुटतो. त्यासाठीचा वेगळा प्रायमर मिळतो. वेल्डिंग केलेल्या जागी जस्त जळून जातं, म्हणून गंज पहिला तिथेच धरतो. त्या सांध्यांना जस्ताचा रंग लावा. वेल्डरला वाऱ्याकडे पाठ करून बसायला सांगा; जस्ताचा धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो.

तारेवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, जस्त अजून झिजतंय म्हणजे आतलं लोखंड सुरक्षित आहे. तांबडं दिसलं की ती तार बदलायच्या यादीत.

आणखी एक, बोर्डोचं, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाचं. मिश्रण जमलं का हे बघायला आपण चकचकीत लोखंडी सुरी बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला. तो थर मोरचुदातल्या तांब्याचा. त्याच्या बदल्यात सुरीचं लोखंड विरघळलेलं असतं. असं कच्चं मिश्रण फवारलं तर पानं करपतात ते दिसतं, तारेवरचं जस्त खाल्लं जातं ते दिसत नाही.

अवजारांचं थोडक्यात: फाळ आणि रोटाव्हेटरची पाती धुऊन, वाळवून ग्रीस लावून ठेवा. पेरणीयंत्राची खतपेटी मात्र त्याच संध्याकाळी रिकामी करून धुवा. युरिया हवेतलं पाणी ओढतो, आणि पेटीच्या कोपऱ्यात राहिलेला मूठभरसुद्धा पत्र्याला भोक पाडायला पुरतो.