पाळी जायच्या वयात कृतज्ञतेची वही कशी लिहावी

शंभर पानी रेघी वही घ्या. मोबाइलवर नको, तिथे लिहिता लिहिता बोट व्हॉट्सॲपवर जातं. रविवारी दुपारची झाकपाक झाली की वीस मिनिटं बसा. रोज लिहायचा नेम करू नका, आठवड्याभरात त्याचा गृहपाठ होतो. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या प्रयोगातही एका गटाने आठवड्यातून एकदाच, कृतज्ञता वाटणाऱ्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा तो जास्त समाधानी निघाला. (ते कॉलेजातले विद्यार्थी होते, पन्नाशीच्या बायका नव्हेत, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको.)

आधी डावं पान, भीतीचं. "म्हातारपणाची धास्ती वाटते" एवढ्याने काही हाती लागत नाही. "गुडघे गेले तर तिसरा मजला कसा चढणार?" असं लिहा. खाली एकच काम, तारखेसकट: "गुरुवारी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेणे." काही करण्यासारखं नसेल तर नुसती रेघ मारा आणि पुढे जा.

मग उजवं पान, कृतज्ञतेचं. तीन ते पाच नोंदी, प्रत्येकीत कोण, काय आणि त्यामुळे काय झालं. "शेजारच्या काकूंनी मंगळवारी न सांगता दळण आणलं, माझी दुपारची झोप झाली." एक नोंद स्वतःच्या शरीराची हवीच, कारण या वयात सगळा राग त्याच्यावरच निघतो: "बाजारातून पाच किलोची पिशवी याच हातांनी आणली."

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात "नवरा, मुलं, देवाची कृपा" सुरू होतं. तसं झालं तर दोनच नोंदी करा, पण त्याच आठवड्यातल्या. "निदान तिच्यासारखे हाल तरी नाहीत" ही कृतज्ञता नव्हे, तुलना आहे, खोडून टाका. घरात गिळलेला अपमान उजव्या पानावर गोड करून मांडू नका, त्याची जागा डावीकडे.

रात्री घामाने जाग येणं, गरम वाफा, छातीत धडधड हे पाळी जायच्या सुमाराला संप्रेरकं खालीवर झाल्यानेही होतं. थायरॉइड बिघडलं असेल किंवा रक्त कमी असेल तरीही धडधड होते. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, तिथे वही उपयोगाची नाही. पाळी बंद होऊन बारा महिने झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन आठवडे कशातच मन लागलं नाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.