टाकीचा पत्रा आखूड का पडला
रावेरकडच्या केळीबागेसाठी ठिबकची फिल्टर टाकी करायची होती. ड्रॉइंगवर आतला व्यास ६०० मिमी, पत्रा ५ मिमी. बाहेरून कापून आलेला पत्रा १८८५ मिमी लांब होता; रोल केल्यावर आतला व्यास ५९५ भरला, झाकण बसेना.

कापणाऱ्याने ६०० ला पायने (π, ३.१४१६) गुणलं होतं. पत्रा वळताना आतला थर आखडतो, बाहेरचा ताणतो, लांबी टिकते ती मधल्या थराची. म्हणून आतल्या व्यासात जाडी मिळवायची: ६०५ × ३.१४१६ = १९००.७ मिमी. (बाहेरचा व्यास दिला असेल तर जाडी वजा.)

अरुंद पट्टी जोडून भागवा, असा सल्ला मिळाला. दाबाच्या टाकीत दोन वेल्ड इतके जवळ मला अजिबात मान्य नाहीत. नवा पत्रा कापला. रोल करून बाहेरून टेप गुंडाळला: १९१६, म्हणजे बाहेरचा व्यास ६१० आणि आतला बरोबर ६००. झाकण बसलं.