एक मोबाईल, दीड जीबी आणि दोन पोरं: ऑनलाईन शाळेची जोडणी कशी लावायची

२०२० च्या जूनात ऑनलाईन क्लास चालू झाले तेव्हा आमच्यात स्मार्टफोन एकच, तो पण सकाळी माझ्याबरोबर शिरोली एमआयडीसीत जाणार, आणि पोरं दोन. युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) यांनी त्याच वर्षाच्या शेवटाला सांगितलं की जगात ३ ते १७ वयाच्या दर तीन पोरांमागं दोघांच्या घरात इंटरनेटच नाही, म्हणजे आपण लै नशीबवानच म्हणायचं. पावसात शाळा बंद पडली की अजून पण आम्ही खाली सांगतोय तेच करतोय.

पहिलं म्हणजे लाईव्ह क्लासच्या मागं लागू नका. तासाभराचा व्हिडिओ क्लास अर्धा-एक जीबी सहज खातोय, दोन पोरांत पॅक दुपारीच खल्लास. त्यापेक्षा रात्री अकराला बघायचं डेटा किती उरलाय, बारा वाजले की तो तसा पण जाणारच असतोय, तेवढ्यात उद्याचं सगळं उतरवून घ्यायचं. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी क्यूआर कोड असतोय, तो दीक्षा ॲपनं स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ येतात, ते ॲपमध्येच डाउनलोड करा, मग नेट बंद असलं तरी चालतंय. पुस्तकांच्या पीडीएफ पण बालभारतीच्या साईटवर फुकट आहेत. यूट्यूब लागलंच तर व्हिडिओची क्वालिटी १४४पी ठेवा, फक्त गणिताला ३६० करा नाहीतर फळ्यावरचा ३ का ८ कळत नाही.

व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड आधी बंद करा, पाहुण्यांच्या गुड मॉर्निंगवर अभ्यासाचा डेटा कशाला घालवायचा.

सरांना-बाईंना सरळ सांगा, व्हिडिओ नको, व्हॉइस नोट टाका. पाच मिनिटाची नोट एक एमबीच्या आसपास बसती.

रेंजच नसेल तर? माझी बहीण गगनबावड्याकडं दिलीय, तिथं नेट म्हणजे देवाची कृपा. तिथल्या बाई साध्या कीपॅड फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून चार-पाच पोरांना एकदम शिकवायच्या, कॉल तर पॅकात फुकटच असतात. सिएरा लिओनमध्ये तर इबोलाच्या साथीत, २०१४-१५ ला, रेडिओवरून धडे दिले होते. आपल्याकडं पण २०२० ला सह्याद्रीवर पहिली ते आठवीचे तास लागायचे. टीव्हीला डेटा लागत नाही, हे आपण विसरतोच.

आणि एवढं सगळं उतरवून झालं की फोन चार्जिंगला लावा, बटण चालू आहे का ते पण बघा. मी एकदा नुसती पिन लावून झोपलो, सकाळी ४ टक्के, धाकटी जाम खूश.