क्लोनिंग शिकायचंय? मग आधी उसाच्या बेण्याकडे बघा

बायोटेक्नॉलॉजीला आलेल्या मुलामुलींना हा विषय का घेतलास म्हणून विचारलं, की बहुतेकांच्या तोंडी डॉली, म्हणजे क्लोन करून जन्माला घातलेली मेंढी, येते. पदवी झाली की आपणही एखाद्या मोठ्या लॅबमध्ये जनावरांच्या हुबेहूब प्रती काढणार, असं त्यांना वाटत असतं. मी बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातली. दहावी मराठी माध्यमातून, पीयूसी (अकरावी-बारावी) आणि पदवी बेळगावात, एम.एस्सी. कोल्हापूरला, आणि आता नोकरी टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याच्या, लॅबमध्ये. आपल्या भागातून या वाटेला येणाऱ्यांना मी एवढंच आधी सांगते, की आपल्याकडे क्लोनिंगचं काम आणि त्याचे धोके दोन्ही शेतात आहेत.

तरी डॉली नीट समजून घ्या, कारण पुस्तकात तिचं यशच तेवढं ठळक छापलेलं असतं. 1996 च्या जुलैत स्कॉटलंडच्या रॉसलिन इन्स्टिट्यूटमध्ये इयान विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांच्या गटानं तिला जन्माला घातलं. एका मेंढीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकायचं, सहा वर्षांच्या दुसऱ्या मेंढीच्या कासेतली पेशी त्यात घालायची, विजेचा हलका झटका देऊन दोन्ही एकजीव करायचं. असे 277 प्रयत्न झाले, त्यातून 29 भ्रूण 13 मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडले आणि जगलं ते एकच कोकरू.

एवढी गळती का होते, हाच खरा अभ्यासाचा प्रश्न आहे. कासेच्या पेशीतले बरेच जनुक रासायनिक खुणांनी बंद केलेले असतात. त्या खुणा बीजांडानं काही तासांत पुसायच्या आणि भ्रूणाला लागतील तशा नव्यानं मांडायच्या असतात. पुसणं अर्धवट राहिलं की गर्भाची वार नीट तयार होत नाही, गर्भ पडतो, नाहीतर वासरू अवाजवी मोठं होऊन बाळंतपणात गाय आणि वासरू दोघंही धोक्यात येतात. आपल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं 2009 साली म्हशीचं पहिलं क्लोन रेडकू जन्माला घातलं, ते थोड्याच दिवसांत गेलं. त्याच वर्षी गरिमा झाली, ती दोन वर्षं जगली. पुढे गरिमा-2 मोठी झाली आणि 2013 मध्ये तिला रेडकूही झालं. 2023 मध्ये गीर गाईचं गंगा हे वासरू आलं. हे काम मोलाचं आहे, पण ते करणाऱ्या संस्था देशात हातावर मोजण्याइतक्या आहेत. माणसाचं क्लोन करायला तर आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंदीच आहे, आणि वरचे आकडे वाचल्यावर ती का हवी ते वेगळं सांगावं लागत नाही.

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ज्याला क्लोनिंग म्हणतील ते आणखी वेगळं. तिथे एक जनुक कापून जिवाणूत घालतात. इन्सुलिन असंच बनतं. औषध कंपन्यांत जायचं असेल तर ते पक्कं करा.

आता आपल्या रानात या. रायबाग, अथणी, चिकोडीकडे ऊस लावतात तो टिपरी, म्हणजे उसाचे डोळे असलेले तुकडे, कापून; म्हणून प्रत्येक लावण ही क्लोनच. को 86032 या वाणाचा एक फड दुसऱ्या फडासारखाच, कारण मूळ झाड एकच. गोडी, साखरेचा उतारा जसाच्या तसा उतरतो. पण बेण्यात गवताळ वाढ किंवा काणी हा रोग असला तर तोही टिपरीबरोबर नव्या रानात जातो आणि खोडव्यात, म्हणजे कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, जास्तच बोकाळतो. टिश्यू कल्चरचा मोठा उपयोग इथे आहे. उसाच्या शेंड्याची पानं एकेक करून सोलत गेलं की आत अर्ध्या मिलिमीटरचा, पारदर्शक, थेंबासारखा कोंब दिसतो. तिथे पेशी इतक्या झपाट्यानं वाढत असतात की विषाणू सहसा पोचलेला नसतो. लॅमिनार फ्लोसमोर, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटासमोर, बसून, चिमटा तापवून, तेवढाच भाग उचलायचा आणि बाटलीतल्या पोषक मीडियावर ठेवायचा. कोंब मोठा घेतला तर रोग बरोबर येतो, फार लहान घेतला तर तो जगत नाही. हात बसायला महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुडाशी दुधासारखी साय दिसली की जिवाणू, कापसासारखं दिसलं की बुरशी. ती बाटली न उघडता थेट ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायला.

इथली नोकरी अशी आहे: एका जागी बसून, मास्क लावून, तासन्‌तास तेच काम. सुरुवातीचा पगार कमीच असतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पण जबाबदारी मोठी आहे. एकदा रायबागकडच्या एका केळीच्या बागेत बोलावणं आलं. रोपं दुसऱ्याच एका नर्सरीची, जी-9 या वाणाची. ओळीत मधूनमधून झाडं गुडघ्याएवढीच राहिलेली, पानं आखूड, एकावर एक दाटलेली. बागेचे मालक अण्णा म्हणाले, "बाई, सगळी रोपं एकसारखी येतात म्हणून जास्त पैसे मोजले की. मग ही बुटकी कुठनं आली?" एकाच मुनव्यापासून, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिल्लापासून, पुन्हापुन्हा सबकल्चर करत, म्हणजे कोंब तोडून नव्या बाटलीत वाढवत, राहिलं की पेशींमध्ये बदल साचत जातात, आणि ते बाटलीत दिसत नाहीत, बागेत दिसतात. वर्ष अण्णांचं गेलं, नर्सरीनं फोन उचलणं बंद केलं. याचा मला आजही राग येतो.

दुसरा धोका उलट्या बाजूचा, सगळं खरोखरच एकसारखं निघण्याचा, कारण मग एकाला लागणारा रोग सगळ्यांनाच लागतो. ग्रो मिशेल नावाची केळी एकेकाळी जगभर निर्यात व्हायची. पनामा मर या बुरशीच्या रोगानं विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचा धंदा बसवला. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिशवर, म्हणजे जी-9 च्याच कुळावर, त्या बुरशीचा नवा प्रकार आता बिहार, उत्तर प्रदेशात पोचलाय. उत्तर प्रदेशातच को 0238 या एका उसावर सगळ्यांनी भिस्त ठेवली आणि लाल कूज हा रोग आला. म्हणून लॅबमध्ये असलात तरी वाणांची यादी, रोगांची लक्षणं आणि शेतकऱ्याची वही वाचायला शिका.

तयारीचं सांगायचं तर एम.एस्सी.साठी गॅट-बी आणि आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षा बघा. धारवाडच्या कृषी विद्यापीठातही कृषी जैवतंत्रज्ञान आहे. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद असते, दाखले आधी काढून ठेवा. इंग्रजीची भीती पहिल्या वर्षी वाटते; आकृती काढून धडा मराठीत कुणाला तरी समजावून सांगा, शब्द आपोआप बसतात. कन्नड बोलता आलंच पाहिजे, निम्मे शेतकरी आणि लॅबमधल्या मुली तीच बोलतात.

आणि नोकरीला मुलाखतीला गेलात तर तुम्हीही विचारा: मातृझाड कुठून आणता, विषाणूची चाचणी कुठे करून घेता, एका मुनव्यापासून किती वेळा सबकल्चर करता? शेवटच्या प्रश्नाला ठरलेला आकडा सांगत नसतील, तर दुसरी लॅब बघा.