‘पसरणे’ कुठे आणि ‘विखुरणे’ कुठे

‘पसरणे’ आणि ‘विखुरणे’ ही क्रियापदे लेखनात सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि वाक्याचा अर्थ लागतो म्हणून कोणी हटकतही नाही. शब्द निवडताना एवढेच पाहावे, की क्रिया घडल्यावर ती वस्तू सलग राहते की सुटी होते. धूर, वास, तेलाचा डाग, बातमी, रोगाची साथ या गोष्टी सलग राहून जागा व्यापतात, म्हणून त्या पसरतात. माळ तुटली की मणी मात्र विखुरतात, कारण एका मण्यापासून दुसऱ्यापर्यंत मोकळी जागा उरते. वस्तू तीच असली तरी शब्द बदलू शकतो. ज्वारी उन्हात घालताना सारखा थर व्हावा म्हणून ती हाताने पसरतात, पण पोत्याला भोक पडून ती वाटेवर सांडत गेली तर तिचे दाणे विखुरतात. कोकणातल्या वाड्यांचे वर्णन करताना भूगोलात ‘विखुरलेली वस्ती’ म्हणतात ते याच अर्थाने. ‘पसरलेली वस्ती’ म्हटले तर एकमेकांना लागून दूरवर गेलेली घरे डोळ्यांपुढे येतात.

जेजुरीला सोमवती अमावस्येच्या दिवशी या कुळातले बहुतेक शब्द एकाच ठिकाणी लागतात. भाविक भंडारा आणि खोबरे उधळतात. उधळण्यात हाताचा जोर असतो आणि मुक्तपणाही असतो. उधळलेली हळद हवेत पसरते, खोबऱ्याचे तुकडे पायऱ्यांवर विखुरतात आणि पालखी पुढे गेली की गर्दी पांगते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. पांगणे हे एकत्र जमलेल्यांचे निरनिराळ्या दिशांना जाणे आहे, म्हणून माणसे आणि गुरे पांगतात. ढग पांगतात असे म्हणतो तेव्हा आपण त्यांना चालते-फिरते मानलेले असते. जमावाला बळाने हटवले तर तो ‘पांगवला’ जातो. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या कुटुंबाविषयी ‘पांगले’ म्हटले तर निघून जाणे दिसते आणि ‘विखुरले’ म्हटले तर आज कोण कुठे आहे ते दिसते; दोन्ही बरोबर आहेत, पण लिहिणाऱ्याला यांतले काय सांगायचे आहे ते त्याने आधी ठरवावे. ‘उधळणे’ पैशाला लागले की दोष दाखवते, घोड्याला लागले की बेफामपणा दाखवते, आणि ‘सभा उधळून लावली’ म्हटले की ती मुद्दाम मोडली असे होते.

व्याकरणाकडेही लक्ष द्यावे लागते. ‘पसरणे’ सकर्मकही आहे आणि अकर्मकही: धूर पसरला, तिने सतरंजी पसरली. त्यामुळे सतरंजी ‘पसरवली’ असे लिहिण्याची गरज नसते, आणि बसण्या-झोपण्यासाठी असेल तर ‘अंथरली’ हा त्याहून नेमका शब्द हाताशी आहे. अफवा किंवा रोग दुसऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या क्रियेला मात्र ‘पसरवणे’च हवे. ‘विखुरणे’ बहुधा अकर्मक वापरले जाते. कोणी मुद्दाम तसे केले असेल तर ‘विखरून टाकले’ हे कानाला सहज वाटते. वाक्प्रचारांत तर अदलाबदल चालतच नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात, आणि कोणापुढे हात किंवा पदर पसरला की त्यात याचना येते.

स्वयंपाकात आणि शेतात याहून बारीक शब्द रूढ आहेत आणि ते असताना ‘पसरणे’वर भागवू नये. पाणी शिंपडतात, पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरतात, अंगणात सडा घालतात, बी ओळीत न पेरता हाताने फेकले तर ते फोकून पेरले असे म्हणतात.

शास्त्रीय लेखनात संस्कृत शब्द येतात, तिथे अधिक काटेकोर राहावे. हवेतल्या सूक्ष्म कणांवर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो ते विकिरण. लोलकातून जाताना तो आपल्या रंगांत वेगळा होतो ते अपस्करण. आणि पाण्यात पडलेल्या शाईचे कण दाट भागाकडून विरळ भागाकडे जातात ते विसरण. आकाशाच्या निळेपणाचे कारण सांगताना विकिरणाच्या जागी ‘अपस्करण’ लिहिले तर तो केवळ शब्दाचा दोष राहत नाही, विधानच चुकते.