पोराला मुतखडा झालाय? या चुका टाळा

लहान मुलाला खडा झाला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "पाणीच पीत नाही हा." मग कुळथाचं पाणी सुरू, ऑपरेशन झालं की विषय संपला. पण लहान वयात खडा, परत परत खडे, दोन्ही किडन्यांत खडे, यातलं काही असेल तर आजार जन्मापासूनचा असू शकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पडलेला खडा फ्लश करणं. बाथरूममध्ये एक जुनी चहाची गाळणी ठेवा, खडा सापडला की डबीत घालून लॅबला द्या आणि इन्फ्रारेड तपासणीच मागा, कारण साध्या केमिकल टेस्टला काही खडे ओळखताच येत नाहीत. एपीआरटी नावाचं एन्झाइम (शरीरातलं एक काम करणारं प्रथिन) जन्मापासून कमी असलं की होणारा खडा एक्सरेत दिसत नाही म्हणून त्याला युरिक ॲसिडचा समजतात. गंमत म्हणजे दोन्हीला गोळी एकच, ॲलोप्युरिनॉल, पण मग रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल आहे म्हणून कोणीतरी गोळी बंद करतं आणि स्फटिक किडनीत साचत जातात. खरं तर ती गोळी जन्मभराची.

खडा सिस्टिनचा (हा प्रथिनांतला एक घटक, जन्मजात दोषामुळे लघवीत जास्त उतरतो) निघाला तर पाणी फक्त दिवसा पिऊन भागत नाही. सिस्टिन एक लिटर लघवीत साधारण 250 मिलिग्रॅमच विरघळतं, आणि रात्री लघवी घट्ट होते, म्हणून झोपताना प्यायचं आणि मध्येच उठूनही प्यायचं. मोठ्या माणसाला दिवसाला 3 लिटर लघवी व्हायला हवी. पापड-लोणच्याचं मीठही कमी करा, हे कोणी सांगतच नाही!

तिसरा जन्मजात आजार प्रायमरी हायपरऑक्झलुरिया, त्यात तर पालक-टोमॅटो बंद करून फारसा फरक पडत नाही, कारण ऑक्झलेट (ज्याचा कॅल्शियमबरोबर खडा बनतो तो पदार्थ) लिव्हरच जास्त बनवतं. दूध उगाच तोडू नका, कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेट धरून ठेवतं. उलट सर्दीसाठी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर त्या थांबवा, त्यातूनही ऑक्झलेटच होतं. या आजाराच्या पहिल्या प्रकारात काहींना व्हिटॅमिन बी6 लागू पडतं, त्याच प्रकारासाठी 2020 मध्ये लुमासिरान या औषधाला अमेरिका-युरोपात मंजुरी मिळालीय. किडनी गेलीच तर नुसती किडनी बदलण्याआधी लिव्हरबद्दल विचारा, नाहीतर तेच ऑक्झलेट नवीन किडनीतही साचतं.

आणि भावंडांची तपासणी राहते ती राहतेच. या तिन्ही आजारांत बहुतेक वेळा आई-बाप दोघंही ठणठणीत असतात, दोष दोघांकडून एकेक येतो, म्हणून प्रत्येक मुलाला 25 टक्के धोका. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करतात तिथे तर हे विचारायलाच हवं. धाकटीला काही त्रास नाही म्हणून थांबू नका, आधी तिची लघवी तपासून घ्या.