फयाल बेटावर जाताना

अझोर्स द्वीपसमूहातील फयाल या पोर्तुगीज बेटावर जायचे असल्यास किमान चार दिवस राखून ठेवावेत, कारण अटलांटिकच्या मधोमध कोणत्या दिवशी काय पाहता येईल हे ढग आणि वारा ठरवतात. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. लिस्बनहून विमानाने होर्ता गावी पोहोचता येते.

पहिली संध्याकाळ होर्ताच्या बंदरावर घालवावी. महासागर ओलांडणाऱ्या शिडाच्या नौका येथे विसावतात, आणि निघण्यापूर्वी धक्क्यावर आपल्या नौकेचे चित्र काढले नाही तर पुढचा प्रवास धड होत नाही, अशी खलाशांची समजूत असल्याने तिथल्या भिंती आणि फरशी रंगांनी भरून गेल्या आहेत. (गोव्याहून परतणारी पोर्तुगीज जहाजे मात्र शेजारच्या तेर्सेरा बेटावरील आंग्रा बंदरात थांबत.) धक्क्याजवळच्या पीटर कॅफे स्पोर्टच्या माडीवर देवमाशांच्या दातांवर कोरलेल्या चित्रांचे संग्रहालय आहे, ते चुकवू नये.

पश्चिम टोकावरील कापेलिन्योशला मात्र निवांत अर्धा दिवस द्यावा. 27 सप्टेंबर 1957 रोजी येथे किनाऱ्यालगतच्या समुद्रात सुरू झालेला ज्वालामुखीचा उद्रेक ऑक्टोबर 1958 पर्यंत चालला. राखेने दीपगृहाचा तळमजला गाडला, बेटाला नवी जमीन जोडली गेली आणि घरेशेते गमावलेल्या हजारो लोकांनी अमेरिकेची वाट धरली. आधी जमिनीखालील माहिती केंद्र पाहून मग राखेच्या उतारावर फिरावे, म्हणजे समोरच्या कड्याला लाटा कुठे कुरतडत आहेत हे समजते. वाऱ्याने राख डोळ्यांत जाते, म्हणून चष्मा आणि पक्के बूट हवेत.

देवमासे पाहण्याची फेरी शक्यतो पहिल्याच सकाळी ठरवावी, कारण समुद्र खवळल्यास ती रद्द होते आणि पुढचे दिवस हाताशी राहतात. शिकार 1980 च्या दशकात थांबली. तरी कड्यावरच्या टेहळणी चौकीतून दुर्बिणीने देवमासा हेरून होडीला दिशा सांगण्याची जुनी पद्धत आता पर्यटकांसाठी वापरली जाते, आणि शिकारीच्या लांबट होड्या उन्हाळ्यात शर्यतींत उतरतात.

समोरच्या पिको बेटावरील 2351 मीटर उंचीचा पर्वत सकाळी स्वच्छ दिसला, तर बाकीचे बेत बाजूला ठेवून तिथल्या मादालेना बंदराची फेरीबोट पकडावी. ती अर्ध्या तासात पोहोचते.